उबुंटूवर मराठी उमटवून देणाऱ्यांचे आभार
उबुंटू या लिनक्स संगणक प्रणालीवर मराठी टंकलेखनाची सोय करताना ज्या अनोळखी जाणकारांनी हात दिला, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. विंडोजवर संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून घेण्याची सवय असलेल्या मला, इथे सॉफ्टवेअर शक्यतो उबुंटूच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे, कारण एपीटी हे सॉफ्टवेअर बसवणारे साधन त्या भांडाराची डिजिटल स्वाक्षरी स्वतः पडताळते आणि लागणारी पूरक पॅकेजेही सोबत आणते, हे त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले. 'आयबस-एम१७एन' हे मराठीसह अनेक भाषांच्या टंकलेखनाचे पॅकेज बसवूनही कीबोर्डच्या यादीत मराठी दिसेना, तेव्हा 'आयबस रीस्टार्ट' ही टंकलेखनाची यंत्रणा पुन्हा सुरू करणारी आज्ञा सुचवणाऱ्याचे उपकार विशेष मानतो. त्यानंतर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत 'ज्ञ' लगेच उमटला. नुसती आज्ञा हाती न देता ती नेमके काय करते हेही सांगण्याची, आणि 'मॅन' ही आज्ञांची माहितीपुस्तिका दाखवणारी आज्ञा वापरून मूळ माहिती वाचायला लावण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.