रविवारपासून टोकियोत सुमो सुरू होतंय, चार ओळी आपल्या पेपरातही येऊ द्या

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी, ११ जानेवारी २०२६ ला, टोकियोच्या कोकुगिकान या सुमोच्या हॉलमधे सुमोची वर्षातली पहिली मोठी स्पर्धा चालू होतेय. २५ तारखेपर्यंत १५ दिवस, रोज लढती. मी कराडचा, तरुणपणी आठ-दहा वर्षं तालमीची लाल माती अंगाला लावलेला माणूस, आता दुकान बघतो आणि पुतण्यानं नाद लावल्यापासून दुपारी डबा उघडला की समोर मोबाईलवर सुमो असतं. पुतण्या टोकियोला निशी-कासाईत राहतो, तिथं आपली भारतीय मंडळी भरपूर आहेत. मुख्य गटाच्या शेवटच्या लढती आपल्या घड्याळात दुपारी अडीचच्या आत उरकतात, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी बघून होतात.

या वेळी सगळ्यांचं लक्ष दोन पोरांवर आहे.

पहिला आओनिशिकी. युक्रेनच्या विन्नित्सा गावचा, वय फक्त २१. युद्ध पेटल्यावर २०२२ मधे जपानला आला, आधी एका युनिव्हर्सिटीच्या पोरांबरोबर सराव केला, मग आजिगावा तालमीत दाखल झाला आणि सप्टेंबर २०२३ ला अगदी तळाच्या गटातून सुरुवात केली. परवाच्या नोव्हेंबरात फुकुओकाला त्यानं पहिली स्पर्धा मारली आणि त्याला ओझेकी केलं, म्हणजे योकोझुना या सगळ्यात वरच्या मानाच्या खालोखालचा मान. पहिल्या लढतीपासून तिथपर्यंत जायला त्याला फक्त १४ स्पर्धा लागल्या. ओझेकी म्हणून उतरायची ही त्याची पहिलीच वेळ. वजन म्हणाल तर १४० किलोच्या आसपास, आपल्याला जास्त वाटेल पण सुमोत वजनी गट नसतात, समोर १९० किलोचा उभा राहतो. हा भिडतो तेव्हा डोकं खाली, कपाळ समोरच्याच्या छातीला टेकलेलं, पाठ सपाट, आणि कितीही ढकलला तरी ते कपाळ वर उठत नाही. मग एक हात गुपचूप खाली जातो, मांडीच्या आतून, आणि पुढचा गडी कलंडलेला असतो. त्या डावाला तिकडं उचिमुसो म्हणतात. आमचे वस्ताद पाठीत थाप मारून "मुंडी खाली, मुंडी खाली" ओरडायचे ते या पोराला बघून कळलं, मला तेव्हा कधी जमलं नाही.

दुसरा ओनोसातो, आणि त्याची मला खरंच काळजी लागलीय. इशिकावा भागातला पोरगा, १ जानेवारी २०२४ ला तिथं मोठा भूकंप झाला आणि त्याच महिन्यात हा मुख्य गटात पहिल्यांदा उतरला, मे मधे स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी ७५ वा योकोझुना झाला. नोव्हेंबरात शेवटच्या दिवशी तो, दुसरा योकोझुना होशोर्यू आणि आओनिशिकी तिघं बरोबरीत होते आणि सकाळी कळलं की डाव्या खांद्याच्या दुखापतीमुळं ओनोसातो उतरणार नाही. होशोर्यूला लढत न खेळताच विजय मिळाला, मग बरोबरी सोडवायच्या जादा लढतीत, प्लेऑफमधे, आओनिशिकीनं त्याला आडवा केला. बऱ्याच जणांना ओनोसातोचं माघार घेणं आवडलं नसणार, पण मला ते बरोबर वाटलं, का ते सांगतो.

ओनोसातोचा वस्ताद म्हणजे किसेनोसातो, ७२ वा योकोझुना. मार्च २०१७ मधे ओसाकाला, योकोझुना म्हणून पहिल्याच स्पर्धेत, त्याचा डावा खांदा आणि छाती दुखावली तरी तो बाहेर पडला नाही, शेवटच्या दिवशी तेरुनोफुजीला लागोपाठ दोनदा हरवून स्पर्धा जिंकला, अख्खा जपान रडला. पण तो हात परत कधी पहिल्यासारखा झाला नाही. पुढं सलग ८ स्पर्धा एकतर अर्ध्यात सोडल्या नाहीतर उतरलाच नाही, आणि जानेवारी २०१९ ला संपलं सगळं. आता त्याच्याच पठ्ठ्याचा डावाच खांदा. मला वाटतं वस्तादानं स्वतः भोगलंय म्हणूनच पोराला थांबवलं असेल.

अडचण अशी की सुमोत दुखापतीला सवलत नाही. २००३ अखेरपर्यंत होती, लढतीत लागलं तर एक स्पर्धा चुकली तरी रँक जायची नाही, मग ती सोय बंद केली. आता न उतरणं म्हणजे हरणं आणि हरणं म्हणजे खाली घसरणं. १५ पैकी ८ लढती जिंकल्या तरच रँक टिकते, ओझेकीला तेवढी एका स्पर्धेची माफी असते. योकोझुनाला कुणी खाली आणत नाही पण त्याला हरत राहायची मुभाही नाही, जमेना तर निवृत्त व्हायचं. त्यामुळं पोरं पट्ट्या गुंडाळून, अर्धवट बऱ्या झालेल्या गुडघ्यावर उतरतात. ही सवलत परत यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि ओनोसातोचा खांदा बरा नसेल तर त्यानं रविवारी उतरू नये, सगळा हॉल नाराज झाला तरी चालेल.

बाकी कोण जिंकेल ते सांगता येत नाही, जुलैत नागोयाला कोतोशोहो पार खालच्या रँकवरून येऊन स्पर्धा घेऊन गेला होता. होशोर्यूला योकोझुना होऊन वर्ष होत आलं आणि योकोझुना म्हणून अजून एकही विजेतेपद नाही, तो पेटून उतरेल.

एक गोष्ट आपल्या मैदानांनी बघण्यासारखी आहे. पंचाचा निकाल पटला नाही तर खाली बसलेले जज्ज, पाच जण, सगळे जुने पैलवान, रिंगणात चढतात, आपसात बोलतात, व्हिडिओ बघणाऱ्यांकडून कानात ऐकतात आणि मग मुख्य जज्ज माईकवर सगळ्या हॉलला सांगतो की निकाल काय आणि का. नाहीतर परत लढवतात. निकालानंतर आपल्याकडं जो गोंधळ होतो तो बघून जीव तुटतो.

आमच्या भागाला जपानी पैलवानाचं नाव नवीन नाही. शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, तेव्हा त्यांना हरवून सुवर्ण नेणारा शोहाची इशिई जपानचाच, मूळचा ज्युदोवाला. म्हणून म्हणतो की खेळाच्या पानावर सुमोला रोज चार ओळी द्या, कोण कुणाशी लढला, कुठल्या डावावर, किती जिंकला किती हरला. मी तरी आत्तापर्यंत मराठीत सुमोचा फोटो बघितला तो "जगातले जाडे लोक" छापाच्या सदरातच. पहाटे उठून उपाशीपोटी सराव करणाऱ्या माणसांचे असे फोटो छापू नका. आणि २५ तारखेचा निकाल सोमवारच्या अंकात नक्की द्या, इथं दुकानावर आम्ही पाच-सहा जण वाट बघतोय.

आपला,
एक वाचक, कराड