थकलेल्या पगारातून उभे राहिलेले सरकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ जुलैच्या निमित्ताने आपल्या अंकात आलेला अमेरिकेच्या स्वातंत्र्यावरचा लेख वाचला. समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्या, १७७६चा जाहीरनामा, १७८१ची यॉर्कटाउनची इंग्रज फौजेची शरणागती आणि लगेच वॉशिंग्टन अध्यक्ष! मधली साडेसात वर्षे लेखात नाहीतच. माझी सगळी नोकरी कोषागारात पगारबिले आणि पेन्शनची प्रकरणे तपासण्यात गेली. त्यामुळे असेल, पण मला त्या देशाचे सरकार घडले ते याच वर्षांत असे वाटते, आणि त्याचा धागा सैनिकांच्या थकलेल्या पगारातून जातो.

तेरा वसाहतींनी इंग्लंडचे राज्य झुगारले ते करांवरून. जिथे आपला प्रतिनिधी नाही त्या पार्लमेंटने कर लावायचा नाही, ही त्यांची भूमिका. मग स्वतःच्या मध्यवर्ती सरकारलाही तो अधिकार द्यायला कुणी राजी होईना. १ मार्च १७८१ला अमलात आलेल्या, राज्यांमधल्या पहिल्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, युद्ध करता येई, तह करता येई, कर्ज काढता येई. पैसा मात्र राज्यांकडे मागायचा आणि ते देतील तेवढ्यात भागवायचे. त्या करारात काना-मात्रा बदलायची तरी तेराही राज्यांची संमती लागे. आयात मालावर पाच टक्के जकात बसवू द्या, एवढीच काँग्रेसची मागणी होती. ऱ्होड आयलंडने १७८२मध्ये नकार दिला आणि ती बारगळली.

याची झळ कुणाला बसली? मार्च १७८३मध्ये हडसन नदीकाठी न्यूबर्गला सैन्याचा तळ होता. लढाई जवळजवळ संपलेली, पगार थकलेले. देणी मिळाल्याशिवाय सैन्य मोडू देऊ नका, असे सुचवणारी निनावी पत्रके अधिकाऱ्यांत फिरत होती. १५ मार्चला सरसेनापती वॉशिंग्टन त्यांच्यापुढे उभे राहिले. भाषण संपले तरी चेहरे निवळेनात. मग त्यांनी काँग्रेसच्या एका सदस्याचे पत्र वाचायला घेतले, पण अक्षर लागेना. त्यांनी खिशातून चष्मा काढला. चष्मा लावलेले वॉशिंग्टन तिथल्या बहुतेकांनी कधी पाहिले नव्हते. तुमच्या सेवेत केस पिकले, आता नजरही चालली, अशा अर्थाचे काही ते बोलले आणि रणांगण पाहिलेल्या त्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. बंड टळले. पगार मिळाला नाही.

हे एका माणसाच्या वजनावर निभावले. जूनमध्ये फिलाडेल्फियात तो माणूस नव्हता. जिथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला आणि जिथे काँग्रेस भरत असे, त्याच इमारतीला पगार मागणाऱ्या सैनिकांनी वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाने आपले शिबंदी सैनिक बोलावायला नकार दिला आणि काँग्रेसला गाव सोडून प्रिन्सटनला जावे लागले.

सैनिकांच्या हाती रोख रकमेऐवजी कर्जरोखे पडले. घरी चूल पेटवायची तर ते सटोडियांना मातीमोल भावाने विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे मॅसॅच्युसेट्सने युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी जबर कर लावले, तेही नाण्यांत भरायचे. म्हणजे ज्याने आपला रोखा विकला, त्यानेच कर भरून तो विकत घेणाऱ्याला पैसे मोजायचे! जमिनी जप्त होऊ लागल्या तेव्हा १७८६मध्ये शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. त्यांच्या म्होरक्यांपैकी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. जानेवारी १७८७मध्ये बंडखोर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. शस्त्रागार काँग्रेसचे, पण ते वाचवले मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांनी, आणि बंड मोडायला निघालेल्या फौजेचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी उचलला.

मे ते सप्टेंबर १७८७मध्ये फिलाडेल्फियात संविधान तयार झाले ते या पार्श्वभूमीवर. काँग्रेसच्या अधिकारांच्या यादीत पहिलाच अधिकार कर बसवण्याचा आहे, आणि जुनी कर्जे नव्या सरकारवरही बंधनकारक राहतील हेही त्यात लिहिले आहे. नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरली, कारण एकमताची वाट पाहण्याचे परिणाम सगळ्यांनी भोगले होते. तरी न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ मते पडली. ऱ्होड आयलंड तर वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, मे १७९०मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आले.

याच संविधानात लोकसंख्या धरताना पाच गुलाम माणसे तीन मोजण्याचा हिशेब होता. त्या मोजणीने वाढलेल्या जागा गुलामांच्या मालकांच्या राज्यांना मिळाल्या. हा कलंक आहे आणि तो पुसायला यादवी युद्ध व्हावे लागले. त्याविषयी आपल्या लेखात एक ओळही नसावी, याचे मला फार वाईट वाटले.

आणि ते रोखे? १७९०मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी सगळ्या कर्जरोख्यांची पूर्ण दर्शनी किमतीने परतफेड करण्याची योजना मांडली. मूळ सैनिकांनाही त्यातला वाटा द्या, असे प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेम्स मॅडिसन यांनी सुचवले, पण प्रतिनिधिगृहाने ते मोठ्या बहुमताने फेटाळले. सरकारची पत सावरण्यासाठी हॅमिल्टन यांचा मार्ग आवश्यक होता, हे मी मान्य करतो. पण लाभ रोखे जवळ असणाऱ्याचा झाला, लढणाऱ्याचा नाही. गरजू सैनिकांसाठी पेन्शनचा सर्वसाधारण कायदा १८१८मध्ये आला, साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. दोनच वर्षांनी अट पडली की म्हाताऱ्या सैनिकाने आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेवढे त्यातून वगळले होते.

या वर्षांवर आपण स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी