पाठीवरचं नाव कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या कर्करोग दौडीची बातमी काल आपल्या अंकात वाचली. झेंडा दाखवणाऱ्या आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं मोजली, अकरा भरली. ज्यांच्या आठवणीसाठी माणसं पहाटे पाचपासून पार्क चौकात येऊन थांबली होती, त्यांच्यातलं एकही नाव नाही.

दुसऱ्या फोटोत डावीकडून तिसरी मी आहे. खाली ‘जल्लोषात धावताना महिला’ असं छापलंय. मी तेव्हा रडत होते. आपल्या छायाचित्रकारांना दोष देत नाही, लांबून घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, ते कळत नसेल. पण एका शब्दाने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नोंदणीच्या वेळी पाठीवर लावायला एक कागद मिळाला होता : ‘मी धावते आहे ........ साठी’. आदल्या रात्री मी त्यावर स्केचपेनने आईचं नाव लिहिलं. माहेरचं लिहिलं, तिला तेच आवडायचं. सकाळी मैदानावर टी-शर्ट वाटले, तर पाठभर प्रायोजकांची नावं. स्वयंसेवक पोरगा म्हणाला, “मावशी, कागद काढा, लोगो झाकतोय.” पुढे लावावा तर तिथे नंबर. शेवटी घडी घालून मुठीत धरला आणि दहा किलोमीटर तशीच धावले. घरी येऊन उघडला तर घामाने सगळी शाई फुटलेली. नाव वाचता येईना.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्या, आणि त्यातलीच चिमूटभर तंबाखू तव्यावर भाजून सकाळ-संध्याकाळ मशेरी. गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता, तो तिने कुणाला दाखवला नाही. शेंगाचटणी झोंबते म्हणून सोडली, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. आम्हाला वाटलं दाढ दुखतेय. दाढ काढलीसुद्धा. तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तेव्हा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात नेलं. तुकडा तपासून आला तोवर गाठ मानेत उतरली होती. किरणोपचाराचे तीस शेक झाले. रोज एसटीने जाऊन येऊन. २०१६ साली गड्ड्याची यात्रा चालू असताना ती गेली. तो चट्टा आला तेव्हाच कुणी बॅटरी लावून तिचं तोंड बघितलं असतं तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

कर्करोगासाठी धावायचं हे जगभर पसरलं ते टेरी फॉक्समुळे. उजवा पाय कापलेला हा कॅनडाचा मुलगा १९८० साली नकली पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. फुप्फुसात रोग पसरला म्हणून थांबला आणि पुढच्या वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी गेला. आमच्या मालाची जाहिरात कर म्हणणाऱ्या कंपन्यांना त्याने परत पाठवलं होतं. आपल्या दौडीत प्रायोजक नकोत असं मी म्हणत नाही, खर्च असतोच. पण मेलेल्या माणसाच्या नावाला वीतभर जागा द्या.

आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात तोंड तपासायला दंतवैद्य बसवा. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना त्यासाठी बोलवा. धावल्या नाहीत तरी चालेल. दर बाईला पाच मिनिटं पुरतात. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड, एवढं बघायचं असतं.

जाता जाता एक. बातमीच्याच अंकात, पान उलटलं की पाव पानभर ‘वेलची’ची जाहिरात आहे. त्याच नावाचा पानमसाला कुठला, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपऱ्यांवर पुड्या मिळतात. आईच्या आठवणीतल्या दौडीची बातमी मला कापून ठेवायची होती. पण तिच्या मागच्या बाजूला ती जाहिरात येते, म्हणून कापली नाही. अशा जाहिराती आपण यापुढे घेणार की नाही, ते याच सदरात छापून कळवावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर