फेस

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आईने विचारलं, "बाबांच्या पायाचं ड्रेसिंग सोडलं की जखमेवर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू का?" आणि मी ओरडले. चुकलंच माझं.

आई, फेस आला की तुला वाटायचं, औषध लागू पडतंय. पण फेस येतो तो आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज नावाच्या विकरामुळे. ते पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करतं. जंतू नसलेल्या जखमेवरही असाच फेस येतो. शिवाय जखम भरून आणणाऱ्या कोवळ्या पेशी त्यात मरतात. आठ दिवस वरून फेस येत होता आणि आत पू तळव्याकडे सरकत होता. बाबांच्या नसा मधुमेहाने बधिर झालेल्या, त्यामुळे दुखलंही नाही. थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे आपण हललो. सर्जनने सळई आत घातली आणि ती थेट हाडाला टेकली, ते मी समोर उभी राहून पाहिलं.

पेनिसिलिनवाले फ्लेमिंग पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा तपासत होते. त्यांनी एक काचेची नळी तापवून तिला बाहेरच्या बाजूला आतून पोकळ असे काटे ओढले, जखमेतल्या कोनाकोपऱ्यांसारखे. जंतू भरले, मग अँटिसेप्टिक ओतलं. नळीतले मेले, काट्यांतले राहिले आणि पुन्हा वाढले. बाबांच्या पायात तेच झालं.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही मधुमेही पायाच्या जंतुसंसर्गावर उपचार म्हणून अँटिसेप्टिक, चांदीचं मलम किंवा मध वापरू नये, असंच सुचवलंय. बाबांचा पाय वाचला तो सडलेला भाग कापून काढल्यामुळे आणि शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकमुळे. म्हणून बाबा, "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. त्या पायावर भार तर अजिबात नको, बाथरूमपर्यंतसुद्धा वॉकर घ्या. (लाज कसली त्यात?)

आई, जखम नुसत्या सलाईनने धुवायची, सिस्टरने दाखवलं तशी. लाली वर चढली, वास आला, ताप आला किंवा साखर एकाएकी वाढली, तर मला नंतर कळवलंस तरी चालेल, आधी दवाखाना गाठा. आणि ती पेरॉक्साइडची बाटली मोरीत ओतून टाक.

रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते. बाबा, चांगल्या पायाचाही मोजा काढून बसा, तळवा बघायचाय मला.

तुमची,
ताई