आई-बाबा, एवढं घरात आणि फोनवर असू द्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बोलता बोलता सांगितलेल्या पायऱ्या फोन ठेवला की डोक्यातून जातात, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. माझी कसोटी एकच आहे. जे काम तुम्ही दोघं फोन दुसऱ्याच्या हातात न देता पुरं करू शकता, ते ठेवायचं. ज्यासाठी दर वेळी शेजारच्या मुलाला ओटीपी सांगावा लागतो, ते एक तर शिकून घ्यायचं, नाहीतर फोनवरून काढून टाकायचं.

बाबा, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला या कसोटीला पूर्ण उतरतो. त्यासाठी बँकेच्या रांगेत उभं राहायला नको आणि नेट कॅफेत पैसे मोजून अंगठा टेकवायलाही नको. प्ले स्टोअरमधून दोन ॲप घ्यायची: ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’. दुसऱ्याचं चिन्ह स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, ते मागे राहून चेहरा ओळखण्याचं काम करतं. त्यामुळे ‘उतरलंच नाही’ असं समजून पुन्हा पुन्हा खटपट करू नका.

‘जीवन प्रमाण’ उघडलं की सुरुवातीला ते ‘ऑपरेटर’ची नोंद मागतं. ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा माणूस, तेव्हा तुम्ही स्वतःच स्वतःचे ऑपरेटर. आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि मग चेहरा. त्यानंतर पेन्शनरची माहिती येते, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथे. ‘सँक्शनिंग ऑथॉरिटी’ म्हणजे पेन्शन मंजूर करणारं खातं, आणि ‘डिस्बर्सिंग एजन्सी’ म्हणजे दरमहा पैसे देणारी बँक किंवा कोषागार. यादीतून चुकीचं नाव निवडलं तरी दाखला तयार होतो, मोबाइलवर ‘प्रमाण आयडी’ही येतो, आणि मग मागाहून तो नाकारला जातो. म्हणून पीपीओचा कागद (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि पासबुक समोर ठेवूनच बसा. मेसेज आला म्हणजे काम झालं असंही धरू नका. आठेक दिवसांनी जीवन प्रमाणच्या साइटवर तो आयडी टाकून दाखला स्वीकारला गेला का ते बघा.

चेहरा घेताना खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो आणि ॲप अडून बसतं. चष्मा काढा, फोन डोळ्यांच्या उंचीला धरा, सूचना आली की पापण्या सावकाश मिटून उघडा. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर कधी कधी जुळत नाही. तसं झालं तर आधार केंद्रावर जाऊन फोटो बदलून घेणं हाच खरा उपाय. ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा मामांना आत्ताच सांगून ठेवा. आणि या सगळ्याला एक पैसाही लागत नाही, कोणी फी मागितली तर उठून या.

आता व्हॉट्सॲप. ‘फोन भरला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा जागा सुप्रभातच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली असते. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. तिथे ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’खाली मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तीन ओळी आहेत. प्रत्येकीत जाऊन सगळ्या टिका काढा. मग जे बघायचं असेल तेवढंच बोट लावल्यावर उतरेल. त्याच पानावर वर ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. त्यात ‘५ एमबीपेक्षा मोठ्या’ फायली आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेल्या’ फायली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. आई, तू पुसायला सुरुवात फॉरवर्डवाल्यांपासून कर, कारण मोठ्या फायलींमध्ये मुलांचे स्नेहसंमेलनाचे व्हिडिओही असतात आणि ते एकदा पुसले की सहसा परत मिळत नाहीत.

तिथेच असताना दोन गोष्टी आणखी करून टाका. ‘प्रायव्हसी’त ‘ग्रुप्स’ला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला शेअर बाजाराच्या ग्रुपात ओढू शकणार नाही. ‘अकाउंट’मध्ये ‘टू स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा आणि सहा आकड्यांचा पिन ठरवा. जन्मसाल आणि पिनकोड सोडून काहीही चालेल. तो पिन घरातल्या वहीत लिहा, फोनमध्ये नको.

लग्नसराईत ‘पत्रिका’ म्हणून एक फाईल फिरते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. खरी पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो. एपीके म्हणजे ॲप. ते बसवून मागेल ती परवानगी दिली, की ते तुमचे मेसेज वाचतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवतं. वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून येणाऱ्या फायलींचीही तीच गत. ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून विश्वास टाकू नका, त्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. हा दरवाजा कायमचा बंद करता येतो. फोनच्या सेटिंग्जमधल्या शोधचौकटीत ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ लिहा आणि त्या यादीतल्या व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांची परवानगी काढा.

गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर कधीही लावू नका. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, गॅसचा नंबर पुस्तकावर. साइटचा पत्ता वाचताना सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघा. सरकारी साइट तिथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ असा वेगळा पत्ता ठरवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मधे कुठेतरी ‘गव्ह’ दिसलं तर त्याला काही अर्थ नाही, ते कोणीही लिहू शकतो.

आणि व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तर कॉल बंद करा. उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, ‘एकदा मुलीशी बोलतो’ एवढीसुद्धा परवानगी मागायची नाही. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, मला नंतर. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असतो, तो वाटेत गोठवता येतो तो सुरुवातीच्या थोड्या वेळातच. यूपीआय पिनबद्दलही एकच लक्षात ठेवा: तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, घेताना कधीच नाही.

‘संचार साथी’ ही दूरसंचार खात्याची साइट मला फार कामाची वाटते. तिथे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर त्याच्यापुढे ‘नॉट माय नंबर’ निवडायचं. फोन हरवला तर तो तिथूनच बंद पाडता येतो, पण त्यासाठी आयएमईआय क्रमांक (त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), पोलीस तक्रारीची प्रत वगैरे लागतं. आजच *#०६# दाबा आणि दिसेल तो पंधरा आकडी क्रमांक वहीत लिहा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात.

बाबा, गावच्या जमिनीचा सातबारा नुसता बघायचा असेल तर महाभूमीच्या साइटवर फुकट दिसतो, पण तो कामाला चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो चालतो. गट नंबर तेवढा हाताशी ठेवा.

आता घरातलं यंत्र. बीपीचं मशीन घ्याच, पण दंडाला पट्टा बांधायचं. मनगटाचं नको, कारण हात हृदयाच्या उंचीला नेमका धरणं तिथे जमत नाही आणि आकडा फिरतो. बीपी दाखवणारी घड्याळं आणि अंगठ्याही नकोत. कुठलं मॉडेल तपासून पारखलेलं आहे ते ‘स्ट्राइड बीपी’ या साइटवरच्या यादीत बघता येतं. दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा मी त्या यादीवर भरवसा ठेवीन.

घ्यायच्या आधी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. बाबा, तुमचा दंड त्याहून जाड निघाला तर मोठा पट्टा घ्यावा लागेल, कारण लहान पट्टा बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि उगाच गोळी वाढते.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, लघवी तुंबवून बसायचं नाही, आणि पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडी नाही आणि पायावर पायही नाही. हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. पलंगावर बसून हात खाली सोडला की आकडा चढलाच. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. बाही गुंडाळून वर सरकवली तर तीच दंडाला आवळते. मशीन चालू असताना बोलायचं नाही, टीव्हीकडे बघतसुद्धा नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करा आणि तो कागद घेऊन जा. आई, तुझी सकाळची गोळी मोजल्यानंतर.

एखादा आकडा जास्त आला म्हणून गोळी स्वतःहून वाढवू नका, कमी आला म्हणून सोडूही नका. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आहे आणि छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा जीभ अडखळते आहे, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ लावा.

वायफायच्या डब्यासाठी छोटा यूपीएसही घेऊन टाका, लाइट गेली तरी नेट चालू राहतं. डब्याच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट छापलेत ते बघूनच घ्या. बहुतेकांना १२ लागतात, पण ९ वालेही असतात, आणि ९ च्या डब्याला १२ दिले तर तो जळू शकतो.

आई, शब्दकोड्यासाठी तुला दोन खजिने सांगते. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड सरकारने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत सुरू केलेलं ते काम आता तुझ्या फोनवर उघडतं. दुसरा, शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर मोल्सवर्थचा कोश (१८५७ ची आवृत्ती) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शोधता येतात. देवनागरीत शब्द लिहायचा, बस. सापडला नाही तर जुन्या लेखनाने बघ: ‘नाव’ऐवजी ‘नांव’, ‘काही’ऐवजी ‘कांहीं’. हे कोश १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत, त्यामुळे अनुस्वार भरपूर. यूट्यूबवरच्या आरोग्याच्या व्हिडिओंपेक्षा दुपारचा तास इथे गेला तर मला फार बरं वाटेल.

आणि रेडिओ बिघडला म्हणून नवा घेऊ नका. आकाशवाणीची केंद्रं ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर लागतात, विविध भारतीसुद्धा. नेट फारसं खर्च होत नाही, तासाला साधारण ३० ते ६० एमबी. फक्त ॲपवरचा आवाज थोडा मागे चालतो, तेव्हा बाबा, बातम्यांच्या ठोक्यावर भिंतीवरचं घड्याळ लावू नका.

तुमची,
ताई