मॅक्रो नको रे, निदान त्यांना तरी

मित्रा,

तुझा मेसेज वाचला, दोन ओळीत उत्तर दिलं असतं तर तू लगेच भांडायला आला असतास म्हणून नीट लिहितोय. तुझं म्हणणं असं की टीममधले ते सहा जण, ज्यांचं मूळ काम डेटा बघणं आणि कोड फक्त गरज पडली की, त्यांना डायरेक्ट लिस्प ही प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकवायची, एकदा जमली की बाकीच्या लँग्वेज पोरखेळ वाटतील. तुला वाटतात रे, तू किती वर्षं त्यातच लोळतोयस.

लिस्पवर माझा राग नाही हं. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने सुरू केलेली गोष्ट अजून जिवंत आहे म्हणजे दम आहेच. कोड हाच डेटा, त्यामुळे मॅक्रो, म्हणजे कोड बनवणारा कोड, लिहून लँग्वेजलाच नवे शब्द शिकवता येतात, भारीच आहे ते. पण लोचा पण तिथेच, तुझा कोड वाचणाऱ्याला लिस्प येऊन भागत नाही, त्याला तू बनवलेली लिस्प यावी लागते.

मॅक्रोने माझी कशी जिरवली होती सांगतो, आणि तोही साध्या सी लँग्वेजमधला. वर्ग काढायला एका ओळीचा मॅक्रो केला, एक्स गुणिले एक्स, कंस टाकायचा कंटाळा. ५ दिले की २५, मस्त. मग एकदा आत २ + ३ लिहिलं गेलं आणि उत्तर आलं ११. कारण मॅक्रो बेरीज करत बसत नाही, दिलेलं जसंच्या तसं चिकटवतो, म्हणजे झालं २ + ३ × २ + ३ आणि गुणाकार आधी. कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) गप्प, प्रोग्रॅम चालू, आणि मी अख्खी संध्याकाळ भलत्याच फाइलमध्ये बग शोधतोय. (लिस्पचे मॅक्रो असा नुसता मजकूर चिकटवत नाहीत, माहितीये, पण आत दिलेलं एकच आर्ग्युमेंट दोनदा चालवणारा मॅक्रो तिथेही आरामात लिहिता येतो.)

म्हणून मी एवढंच बघतो की चूक केली कुठे आणि ती दिसली कुठे. पायथन काय कमी पॉवरफुल आहे का, पण त्यातले मेटाक्लास (क्लास कसे बनतात तेच बदलायची सोय) वगैरे नवख्याच्या वाट्याला सहसा येत नाहीत. तरी तिथेही खड्डे आहेतच, फंक्शनला काही दिलं नाही तर वापरायची डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिलीस की ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते आणि प्रत्येक कॉलला तीच, जुना माल साठत जातो आणि माणूस डोकं धरून बसतो.

आता तू म्हणशील मग सगळी पॉवर काढूनच टाकू. तेही नको. गो ही लँग्वेज २००९ मध्ये आली तेव्हा जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन वेगवेगळ्या टाइपसाठी लिहायची सोय, नव्हते, ते आले २०२२ मध्ये १.१८ व्हर्जनला, तोवर तेच फंक्शन इंटसाठी (पूर्णांक) वेगळं, फ्लोटसाठी (दशांश) वेगळं, कॉपी-पेस्ट करून बोटं दुखली लोकांची.

माझं ऐकशील तर लिस्प तुझ्याकडे ठेव, मॅक्रो आतल्या आत तूच लिही, त्यांच्या हातात दहा-बारा साधी फंक्शन्स दे, आणि चुकीचा कॉलम दिला तर एररमध्ये त्या कॉलमचं नाव येऊ दे, तुझ्या मॅक्रोचं पोट फाडून बाहेर आलेला कोड नको.

आणि एक कर, त्यातल्या एकाला तुझी सध्याची फाइल दे, एक फिल्टर बदलायला सांग आणि तू तिथून निघून जा. किती वेळ लागला ते कळव, आलेल्या पहिल्या एररचा स्क्रीनशॉट पण पाठव.

तुझाच