फुटक्या काचा मोजणारी पोरं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे शाळेची पहिली घंटा वाजते, त्याच सुमारास १६ जूनला 'आफ्रिकन बालक दिन' येतो. १९७६ साली याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोतली शाळकरी पोरं गोऱ्या सरकारने लादलेल्या आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या दिवसाबद्दल आपल्याकडे काही छापून आलंच, तर त्या गोळीबाराचा जुना फोटो, नाहीतर शाळागळतीचा तक्ता. म्हणजे आफ्रिकेतलं पोर एकतर हुतात्मा, नाहीतर आकडा.

मला आठवतो तो केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतला प्रसंग. २००८ साली 'इक्वल एज्युकेशन' या संघटनेने मुलांच्या हाती कॅमेरे दिले आणि शाळेत काय बिघडलंय त्याचे फोटो काढायला सांगितलं. एका फोटोत फुटक्या खिडक्या होत्या. त्या एका शाळेत, लुहलाझात, अशा खिडक्या भरल्या पाचशेच्या घरात! केपटाऊनचा पाऊस पडतो तोच मुळी हिवाळ्यात. तेव्हा वर्गात काय होत असेल, बघा. पोरांनी सह्या गोळा केल्या, सरकारच्या मागे लागली, अखेर काचा बसल्या.

वास्तविक १९९६ च्या कायद्याने तिथे आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी शाळेच्या नियामक मंडळावर बसतात. खुर्ची होती, काचांसाठी मात्र सह्यांचे कागद घेऊन फिरावं लागलं.

खेड्यात याहून अवघड. त्याच देशातल्या ईस्टर्न केप प्रांतात तेव्हा कित्येक शाळा मातीच्या होत्या. तिथे काच फुटण्याआधी धड भिंत तरी हवी. पोरांच्या रेट्यामुळे नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकारने इमारत, पाणी, वीज, संडास यांचे किमान निकष काढले, मातीच्या शाळा बदलायला तीन वर्षांची मुदत घेतली. ती टळली. निकषांत सरकारने स्वतःसाठी ठेवलेली पळवाट २०१८ मध्ये त्याच प्रांतातल्या भिशोच्या न्यायालयाने बुजवली.

मी बत्तीस वर्षं खेड्यातल्या शाळांत शिकवलं. पावसाळ्यात कुठलं बाक कुठे सरकवायचं हे पोरांना आमच्याआधी कळायचं. पण छप्पर कुठे गळतं ते त्यांनाच वहीत लिहून द्यायला सांगावं, हे मला कधी सुचलं नाही.

पुढच्या १६ जूनला त्या तक्त्याशेजारी ही खिडक्या मोजणारी पोरंही छापा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड